जपून जा

आज आपण जिला नुसती सायकल म्हणतो, तिचे बारशाचे नाव 'सेफ्टी' असे होते. १८८५ साली इंग्लंडात, कॉव्हेंट्री गावी, जॉन केम्प स्टार्ली या गृहस्थाने दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल पुढे आणली, तेव्हापासून या जातीच्या सायकलींना लोक 'सेफ्टी', म्हणजे 'सुरक्षित', म्हणू लागले. तसे म्हणायला कारणही होते. तोवरच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच असे आणि स्वार त्या चाकाच्या माथ्यावर बसत असे. वाटेत एखादा धोंडा आला, किंवा घाईने थांबावे लागले, की सगळी गाडी पुढच्या आसाभोवती कलंडे आणि स्वार डोक्यावर आपटे. स्टार्लीने माणसाला खाली, पाय टेकतील इतके जमिनीजवळ आणले. पुढे तीनच वर्षांनी बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने सायकलीला हवेचे टायर दिले. त्यानंतर एकशेतीसहून अधिक वर्षे गेली. सायकलीचा मूळ आराखडा तोच राहिला. नाव मात्र गळून पडले. आज कुणी सायकलीला 'सुरक्षित' म्हटले तर ऐकणारा चमकून पाहील.

त्या वेळी भय सायकलीतच होते, म्हणून ते सायकल सुधारून काढून टाकता आले. आजचे भय सायकलीत नाही. ते शेजारून जाणाऱ्या ट्रकमध्ये आहे, बंद दाराच्या मोटारीत आहे, रस्त्यावरच्या झाकणात आहे, आणि कारखान्यात कितीही उत्तम सायकल घडवली तरी ते तसूभर कमी होत नाही. मग ते कमी कुणी करायचे? आपण एक सोपी वाट काढली आहे. सुरक्षितपणा हा पूर्वी यंत्राचा गुण होता, तो आपण स्वाराचे कर्तव्य करून टाकला आहे. तू जपून जा, म्हणजे झाले.

सणासुदीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता, अपघाताचा विषय वाचायला लावतो आहे याची मला जाणीव आहे. पण आपल्या पूर्वजांना दिवाळी आणि अपमृत्यू यांचे इतके वावडे नव्हते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावायचा, तो घरात अकाली मृत्यू येऊ नये म्हणूनच. वर्षभर ज्या दिशेला दिव्याचे तोंड करीत नाहीत, त्या दिशेला त्या एका संध्याकाळी मुद्दाम करायचे. आणि दसऱ्याला सायकलीच्या हँडलला झेंडूची माळ घालताना आपण दुसरे काय मागत असतो?

मी पुण्यात राहतो आणि एका शाळेत चित्रकला शिकवतो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दहावीच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. त्यामुळे या लेखात शास्त्र येईल ते नववीदहावीच्या पुस्तकातले. घर ते शाळा हे पाच किलोमीटर मी सायकलीने करतो. मी निघालो की आई आतून म्हणते, "जपून जा रे." बायको दारात येऊन म्हणते, "अहो, सावकाश जा." दोघींच्या शब्दांत फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सावकाश जाणे माझ्या हातात आहे. जपून जाणे पुरते माझ्या हातात नाही. शिवाय 'जपणे' हे क्रियापद आपल्या भाषेत मोठे लबाड आहे. स्वतःला जपावे असाही त्याचा अर्थ होतो आणि दुसऱ्याला जपावे असाही होतो. आई मुलाला जपते ती दुसऱ्या अर्थाने. रस्त्यावर मात्र आपण पहिला अर्थ तेवढा ठेवला आहे.

पूर्वीचे पुणे हे सायकलींचे शहर होते, ही आठवण सांगायला आता वडीलधारी मंडळी लागतात. माझे वडील सांगत, की सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट गेलात तर पोलीस धरी. दिवा नसला की चाकातली हवा सोडून देत आणि माणसाला सायकल हातात धरून घरी जावे लागे. या हकिकती सांगताना म्हातारी माणसे पोलिसावर हसतात. मला त्या दिव्याचे नवल वाटते. रॉकेलच्या त्या मिणमिणत्या दिव्यात रस्ता काय दिसणार? खड्डा दिसण्याआधी चाक त्यात गेलेले असे. म्हणजे तो दिवा स्वाराला दिसावे म्हणून नव्हताच. स्वार दुसऱ्यांना दिसावा म्हणून होता. अंधारात चालणाऱ्या एखाद्या आजोबांना समोरून काही येते आहे हे कळावे, यासाठी सायकलवाल्याने तेल जाळायचे. त्या काळी रस्त्यावरचा सगळ्यांत धोक्याचा प्राणी बहुधा सायकलवालाच होता, आणि कायद्याने त्याचीच हवा काढली. जो लागू शकतो त्याने दिवा लावावा, असा त्यातला न्याय.

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. मुलगी आठवीतली, शाळेच्या मागच्या बाजूला राहणारी, सायकलीने येणारी. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी एका गल्लीत उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले आणि ती त्या दारावर आदळली. आत बसलेले गृहस्थ फोनवर बोलत होते; त्यांनी न बघता दार लोटले. मुलीच्या घोट्याजवळचे हाड मोडले. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनीच तिला दवाखान्यात नेले, पुन्हा दोनदा भेटायला गेले, पेढे नेले. दीड महिन्याने ती शाळेत आली, तेव्हा चित्रकलेच्या तासाला माझ्या टेबलाशी उभी राहून तिने मला विचारले :

"सर, चूक त्यांची होती ना?"

"होय, त्यांचीच."

"मग पाय माझा का मोडला?"

वर्गात हशा झाला. ती हसली नाही. मीही हसलो नाही. पंचवीस वर्षे कादंबऱ्या वाचून आणि दहा वर्षे लिहून मला जो प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत मांडता आला नसता, तो तिने मांडला होता.

आपण सगळे लहानपणापासून 'करावे तसे भरावे' या म्हणीवर वाढलेलो असतो. चूक केली की फळ मिळते, आणि फळ मिळाले म्हणजे कुठेतरी चूक केली असणार. म्हणीचा हा दुसरा, उलटा अर्थ आपण उघड बोलत नाही. पण मनात तो पक्का असतो. रस्ता ही म्हण रोज खोटी पाडतो. तिथे करणारा एक आणि भरणारा दुसरा. त्याचे कारण काही गूढ नाही. चुकीचे फळ कुणाला मिळणार हे नीतीवर ठरत नाही, वजनावर आणि वेगावर ठरते. हजार किलोची मोटार आणि पंधरा किलोची सायकल यांची गाठ पडली तर कोण बरोबर होते याची चौकशी हाडे करीत बसत नाहीत.

त्या मुलीच्या बाबतीत आणखी एक बोचणारी गोष्ट होती. तिने सगळे नियम पाळले होते. तिच्या आजोबांनी तिला बजावले होते, 'कडेने जा, अगदी डावीकडून.' ती अगदी डावीकडून गेली. अगदी डावीकडून जाणारी सायकल उभ्या मोटारीच्या दाराच्या टप्प्यात येते. दार पुरते उघडले की जवळजवळ एक मीटर बाहेर येते. म्हणून उभ्या मोटारींच्या ओळीपासून हातभर नव्हे, चांगले मीटरभराहून अधिक लांब राहावे, मागून कुणी कितीही हॉर्न वाजवो. आजोबांचा सल्ला प्रेमाचाच होता. पण तो ज्या रस्त्यावर त्यांनी सायकल चालवली त्या रस्त्याचा होता. तिथे कडेला मोटारी उभ्या नव्हत्या.

आणि घरी काय झाले? तिची आई मला पालकसभेत म्हणाली, "सर, मी तिला रोज सांगत होते हो, जपून जा म्हणून. ऐकेल तर शपथ." बिचारीचा जीव पोळला होता, तिला काय बोलणार? पण घरी येताना माझ्या मनात आले, की 'जपून जा' हे वाक्य अपघाताच्या आधी उच्चारले तर ते माया असते. आणि तेच वाक्य अपघातानंतर 'सांगत होते' असे शेपूट लावून उच्चारले तर तो निकाल असतो. शब्द तेच, पण आरोपी बदलतो. दार उघडणारे गृहस्थ बाजूला राहतात आणि प्लास्टरमधला पाय पिंजऱ्यात उभा राहतो.

म्हणून मला वाटते, की इथे दोन वेगवेगळ्या वह्या आहेत आणि आपण एकीतली रक्कम दुसरीत मांडतो. एक वही शहाणपणाची. तिच्यात प्रश्न एवढाच, की मला इजा होऊ नये म्हणून मी काय करू शकतो? दुसरी वही न्यायाची. तिच्यात प्रश्न असा, की हे कुणी करायला हवे होते? पहिल्या वहीत माझे नाव असले म्हणजे दुसऱ्या वहीतही माझेच नाव आले असे होत नाही. घराला कुलूप लावणे शहाणपणाचे. पण कुलूप नव्हते म्हणून चोरी हा घरमालकाचा गुन्हा होत नाही.

पहिल्या वहीबद्दल मला पुष्कळ सांगता येईल, कारण ती माझ्या धंद्याच्या जवळची आहे. सायकलवाल्याचा निम्मा जीव 'दिसण्या'त असतो. आमच्या शाळेचा गणवेश गडद तांबडा आहे. संध्याकाळी उजेड उतरू लागला की तांबडा रंग सर्वांआधी काळवंडतो आणि निळाहिरवा त्यामानाने उजळ राहतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवली आहे, आणि प्रत्येक चित्रकार ती आपल्या डोळ्यांनी शिकतो. म्हणजे क्लास सुटून सातला घरी निघालेली आमची मुले गणवेशातच अदृश्य होतात. त्यांना मी सांगतो, मागे लाल दिवा लावा, पुढे पांढरा लावा, आणि चकाकणारी पट्टी दप्तराला लावलीत तशी घोट्यालाही लावा. दप्तरावरची पट्टी स्थिर असते. ती कुंपणावरही असू शकते. घोट्याची पट्टी वर-खाली होते, आणि वर-खाली होणारा ठिपका म्हणजे माणूस, हे मागून येणाऱ्याच्या डोळ्याला विचार न करता कळते.

दुसरे, मोठ्या गाडीच्या डाव्या कुशीत शिरू नये. सिग्नलला बस उभी असली की तिच्या डावीकडून सरकत पुढे जाण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. बस डावीकडे वळली की तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापून जातात. पावसात लोखंडी झाकणावर ब्रेक लावू नये, वळूही नये. जुन्या सायकलीच्या लोखंडी रिमला ओल्यात ब्रेक फार उशिरा धरतो, तेव्हा पावसाळ्यात थांबायचे ठिकाण दुप्पट आधी ठरवावे. हेल्मेट घालावे. बाकीच्या बारीकसारीक गोष्टी पंक्चर काढणारे काका माझ्यापेक्षा चांगल्या सांगतात.

हेल्मेटवरून एक मोठी विलक्षण हकिकत आठवते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडातल्या आपल्या घराजवळ मोटारसायकलवरून चालला होता. रस्त्याच्या एका उतारात दडलेली, सायकलीवरची दोन मुले अचानक समोर आली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्या डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांनी पुढे मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्यातून ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. ही गोष्ट सांगणारे सगळे हेल्मेटपाशी येऊन थांबतात. मला त्या दोन मुलांपाशी थांबावेसे वाटते. जड, वेगवान गाडीवर बसलेल्या माणसाने हलक्या गाडीवरच्या पोरांसाठी गाडी वळवली आणि पोरे वाचली. त्याने विचार करून वळवली असे मी म्हणत नाही. तेवढा वेळच नव्हता. पण विचार करायला वेळ नसताना हात कुणीकडे वळतो, हीच माणसाची खरी वळणे.

कादंबरीकाराला अपघात फार सोयीचा असतो, हे जाता जाता सांगतो. एखाद्या पात्राचे पुढे काय करावे ते सुचेना झाले की त्याला ट्रकखाली घालता येते. वाचक हळहळतो, लेखक सुटतो. खऱ्या अपघातातही आपण तसेच सुटू पाहतो : 'नशीब,' म्हणतो आणि पान उलटतो. सरकारच्या स्वतःच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली; त्यांतली ३२,८२५ नुसती पायी चालणारी होती. एवढी पाने नशिबाच्या नावावर उलटणे मला जमत नाही.

आता दुसरी वही. तिच्यात सगळ्या जगाने सारखे लिहिलेले नाही. हॉलंड हा सायकलींचा देश म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तो नेहमीच तसा नव्हता. युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आणि 'बालहत्या थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. नाव पाहा. 'मुलांनो, जपून जा' असे त्यांनी नाव दिले नाही. त्या आयांनी आणि बापांनी मुलांकडे बोट दाखवले नाही, रस्त्याकडे दाखवले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या बोलण्याला आणखी जोर आला आणि हळूहळू रस्ते बदलले. आज तिथला कायदा असा आहे, की मोटारीने सायकलवाल्याला किंवा पादचाऱ्याला इजा केली तर भरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर. आणि इजा झालेला चौदा वर्षांखालचा असेल तर, त्याने जाणूनबुजून केले नसेल तर, सगळा भार मोटारवाल्यावर. मोटारवाला पापी आहे असे हा कायदा म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो, की मूल चुकणार हे गृहीत धरून चालव, कारण तुझ्या हातात जड वस्तू आहे.

इंग्लंडनेही २०२२ च्या जानेवारीत आपल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व स्पष्ट घातले. आपल्या देशात हा विचार अगदीच नाही असे नाही. मोटारवाहन कायद्यात कुणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख भरपाई मिळण्याची तरतूद आहे. पण ती वकिलाच्या कपाटात आहे. मोटार चालवणाऱ्याच्या मनात ती नाही, आणि हाडे मनातल्या कायद्याने वाचतात, कपाटातल्या नव्हे.

एवढ्यावर थांबलो असतो तर सायकलवाले आम्ही सगळे साधू ठरलो असतो. ते तसे नाही. आमच्या शाळेतले गणिताचे जोशीसर (हे नाव खरे नाही) यांचा गुडघा दुखू लागला म्हणून त्यांनी गेल्या वर्षी विजेवरची सायकल घेतली. चांदणी चौकाच्या बाजूचा चढ आता ते शीळ घालीत चढतात. नियमाप्रमाणे २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी धावणारी गाडी ही मोटारवाहन धरली जात नाही. तिला परवाना नको, नंबर नको. कायद्याच्या दृष्टीने ती सायकल. पाहणाऱ्याच्या दृष्टीनेही सायकल. आणि घोटाळा तिथेच आहे. आपण समोरून येणाऱ्याचा वेग मोजत नाही, त्याच्या रूपावरून ओळखतो. सायकल दिसली की मनात बारा-पंधराचा वेग येतो आणि त्या हिशेबाने आपण रस्ता ओलांडतो. जोशीसर त्याच रूपात चोवीसने येतात, तेही आवाज न करता.

मी त्यांना फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. गणिताच्या शिक्षकाला चित्रकलेच्या शिक्षकाने, म्हणून मुलांना मोठी मौज वाटली. ताशी १५ ला सायकल एका सेकंदात सव्वाचार मीटर जाते, ताशी २५ ला जवळजवळ सात मीटर. एखादे पोर आडवे आल्यापासून ब्रेकवर बोट पडेपर्यंत तो सेकंद जातोच. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १५ चे २५ झाले की ती पावणेतीनपट होते. शिवाय बॅटरीचे वजन वेगळेच. जोशीसर म्हणाले, "म्हणजे मी ट्रक झालो म्हणा की!"

विनोदाने म्हणाले, पण ते खरे आहे. रस्त्यावर प्रत्येक जण कुणाचा तरी ट्रक असतो. मी फुटपाथवरून सायकल काढली तर काठी टेकत चाललेल्या आजींचा मी ट्रक. सकाळी ट्रकला शिव्या देणारा सायकलवाला संध्याकाळी उलट्या दिशेने, सिग्नल मोडून, घंटी वाजवीत माणसांत घुसतो, तेव्हा त्याच्या तोंडी ट्रकवाल्याचेच वाक्य असते : 'दिसत नाही का? जरा जपून चाला!' दुबळ्याची बाजू घ्यायची तर ती आपण दुबळे नसतानाही घ्यावी लागते. जोशीसरांनी आता एक केले आहे. शाळेच्या गल्लीत आले की ते मोटार बंद करून पायाने सायकल मारतात. गुडघा दुखतो. गल्ली दोनशे मीटरची आहे, तेवढे चालते, म्हणतात.

एक प्रश्न उरतो आणि तो मला सर्वांत अवघड जातो. इतके भय आहे तर सायकल सोडावीच का नये? बायकोचे म्हणणे तेच आहे. "तुम्हाला काही झाले तर तुमच्या तत्त्वाचे आम्ही काय करायचे?" या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेले नाही, कारण तो प्रश्न बरोबर आहे. माझे हाड माझे एकट्याचे नाही. माझा पाय मोडला तर आईच्या औषधाला कोण जाणार? स्वतःला धोक्यात घालण्याचा माणसाला अधिकार आहे, असे पुस्तकात लिहिणे सोपे असते. लिहिणाऱ्याच्या दारात बहुधा कुणी उभे नसते.

पण उलट बाजूही आहे. मी सायकल सोडून स्कूटर घेतली तर माझे भय किती कमी होईल ते सांगवत नाही. दुसऱ्यांना माझे भय वाढेल हे नक्की. आणि पीटर जेकबसन या संशोधकाने २००३ साली निरनिराळ्या गावांचे आणि देशांचे आकडे तपासून दाखवले, की जिथे पायी आणि सायकलीने जाणारे लोक जास्त, तिथे त्यांतल्या एकेकाला असणारा धोका कमी. मोटारवाल्याला सायकल पाहायची सवय होते. म्हणजे मी सायकल सोडली की मागे राहिलेल्याचा धोका केसभर वाढतो. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणा केला तर शेवटी रस्त्यावर उरतात ते ज्यांना सायकल सोडणे परवडत नाही तेच : पहाटेचे दूधवाले, वॉचमन, गवंडी. त्यांच्या घोट्याला पट्टी नसते आणि त्यांच्या आयांशी पालकसभेत कुणी बोलत नाही.

म्हणून मी सायकल सोडलेली नाही. हा माझा माझ्यापुरता निर्णय. तोच आठवीतल्या मुलीला सांगता येईल का? गर्दी वाढावी म्हणून तू रस्त्यावर ये, असे कुठल्या तोंडाने सांगायचे? मोठ्यांनी मुलांना आकडा म्हणून वापरू नये. तिथे माझे तत्त्व गप्प बसते.

गेल्या जूनमध्ये आम्ही शाळेत एक केले. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, ज्यांना सगळी मुले मामा म्हणतात, त्यांना बस मैदानात उभी करायला सांगितली. मुलांनी आपापल्या सायकली घेऊन बसच्या डाव्या अंगाला आणि पुढे उभे राहायचे, आणि एकेकाने मामांच्या जागेवर बसून कोण दिसते ते सांगायचे. त्या मुलीची पाळी आली. ती वर चढली, हात मांडीवर ठेवून ताठ बसली, आरशात पाहिले, काचेतून पाहिले. खाली सात मुले होती.

"सर, तीनच दिसतात," ती वरून ओरडली. "मामा, तुम्हाला पण तीनच दिसतात?"

मामा म्हणाले, "मला नेहमी वाटायचं, मला सगळं दिसतं." मग तिने त्यांना खाली, पुढच्या डाव्या चाकाजवळ सायकल घेऊन उभे राहायला लावले. मामा पन्नाशीचे, भारी अंगाचे. मुलाची छोटी सायकल धरून ते चाकाशेजारी उभे राहिले आणि वर पाहत राहिले. बराच वेळ पाहत राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पदरचे पैसे घालून डाव्या बाजूला एक गोल, फुगीर आरसा बसवून घेतला.

त्या मुलीला तिचे बाबा अजून स्कूटरवरून सोडतात. तिची सायकल जिन्याखाली आहे. दसऱ्याला तिने तिला माळ घातली होती, असे ती म्हणाली. तिच्या बाबांशी मी या बाबतीत बोललेलो नाही.